ताईचा डावा डोळा

लातुरात चष्मा नसलेलं पोरगं बघायचं असेल तर अंगणवाडीत जावं लागतं. बाकी सगळ्या गावाच्या नाकावर काचा आहेत. आधी आपणच पोरं क्लासेसमध्ये कोंडली, सकाळपासून रात्रीपर्यंत ट्यूबलाइटखाली बसवली, आणि आता क्लासच्या फलकाला खेटून दुसरा फलक लागलाय: चष्म्याला कायमचा रामराम. त्या फलकावर एक पोरगी केस उडवत चष्मा भिरकावते. पोरगीच असते. चष्मा भिरकावणारा पोरगा मी अजून एकाही फलकावर पाहिलेला नाही.

मी पत्रकं लिहिते. वसतिगृहातलं पाणी, बसचे पास, परीक्षेची फी, हुंडा. आमच्या विद्यार्थ्यांच्या गटात कुणालाही सरळ चार ओळी लिहिता येत नव्हत्या, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पत्रकाच्या शेवटी मागणी लिहावी लागते. ताईच्या डोळ्यांबद्दल मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा शेवटी अडकले, कारण मागणी करायची ती आमच्याच घरात. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावाने पत्रक काढून ते अप्पांच्याच झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचं का? म्हणून हे असं लिहितेय.

ताई माझी मोठी बहीण. एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. तिचा नंबर उणे अकरा. चष्मा काढला की तिला स्वतःच्या लांब केलेल्या हाताची बोटंही धूसर दिसतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहिल्या, तर पापण्या आतून सुजून डोळे मिरचीसारखे लाल व्हायचे. राहिला तो चष्मा, बाटलीच्या बुडासारखा. त्यामागे तिचे डोळे बारीक दिसतात, आणि या बारीक दिसण्यावरून बरीच स्थळं परत गेली.

उदगीरचे लोक बघायला आले तेव्हा आईने ठरवून टाकलं, की या वेळी चष्मा नाही. तासाभराचा तर प्रश्न.

"आई, ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"तू तुझ्या मोर्चात बोल. इथं सुशीला परत," आई म्हणाली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा आमच्याकडचा नाश्ता. तो मी कढईत परतत होते आणि ताई दारापासून सतरंजीपर्यंतची पावलं मोजून ठेवत होती.

उदगीरची मंडळी आमच्यातलीच, लिंगायत. मोंढ्यात धान्याची आडत. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आत्या. घर आत्याच्या शब्दावर चालतं हे आम्हाला दोन मिनिटांत कळलं, कारण पाणी आधी तिला दिलं गेलं. चहा झाला. आत्याने कमरेच्या पिशवीतून सुई काढली आणि रिळातला पांढरा दोरा.

"ओव गं बाई."

त्या घरात कधीतरी एक सून आली होती, तिला नीट दिसत नव्हतं आणि ते लग्नानंतर कळलं. तेव्हापासून या घराची ही रीत: मुलीच्या हातात सुई द्यायची. रांधता येतं का हे नंतर.

आईचा चेहरा पडला. ताईने सुई नाकाजवळ धरली आणि एका दमात दोरा आरपार घातला. शाळेत विज्ञान शिकलेला कुणीही सांगेल, उणे नंबरवाल्याला जवळचं इतरांपेक्षा चांगलं दिसतं. जवळचं नाही, लांबचं दिसत नाही. पण आत्याच्या मते नजर म्हणजे सुई.

"नजर बाकी लई चोख हाय पोरीची," आत्या म्हणाली आणि ताईच्या हातात होकाराचा नारळ आला. नवऱ्या मुलाने स्वतःचा चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. होय, त्याला चष्मा होता. तो लपवायची गरज त्याच्या आईला वाटली नव्हती.

साखरपुडा झाला. मग उघडकीला यायचं ते लातुरातल्याच एका मंगल कार्यालयात आलं. दुसऱ्या कुणाचं तरी लग्न. ताईची होणारी सासू समोरच्या रांगेत बसलेली. चार लोकं बघतील म्हणून आईने चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलेला. सासूने लांबून हात केला. ताईने बघितलं नाही. सासूने पुन्हा हात केला, हसली. ताई तिच्याच दिशेला तोंड करून उभी होती आणि तिच्यातून पलीकडे बघितल्यासारखी बघत होती. आमच्याकडे मोठं माणूस दिसलं की पुढे होऊन 'शरणार्थ' म्हणतात. ताई पाठ फिरवून जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन. अप्पांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना कानाशी धरून नीट ऐकू येत नाही. त्यांचं मात्र कुणी कधी तपासलं नाही.

"पोरीला माज हाय का डोळ्याला काही हाय? दोन्हीपैकी काय ते आत्ताच सांगा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. माजाला इलाज नाही, डोळ्याला आहे, असा हिशेब त्यांनी केला असावा. "डोळ्याला थोडं हाय, चष्मा लागतो," म्हणाले.

"मग लेझर करून घ्या. आजकाल धा मिनिटांचं काम हाय म्हणं. चष्मा गेला की तारीख धरू."

मी पेटले. त्या रात्री ताईला म्हणाले, "तू नाही म्हण. मी आहे तुझ्या मागे. त्याच्या नाकावर काच चालते आणि तुझ्या नाही?"

ती वह्या तपासत होती, नाक जवळजवळ कागदाला टेकलेलं. "तू मागे असतेस गं नेहमी. पुढं कोण असतं?"

"तुला तो आवडतो का?"

"बाकीचे मला बघायला आले होते. ह्यानं मला विचारलं, शाळेत कुठला धडा शिकवायला आवडतो."

"बस? एवढंच?"

"तुला काय माहीत एवढंच म्हणजे किती असतं."

मी तपासलेल्या वह्या रचायला घेतल्या. मला गप्प बसवणं सोपं नाही, हे माझ्या गटात कुणालाही विचारा.

लातुरातल्या डॉक्टर बाई स्पष्ट होत्या. डोळ्यात थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत मशीनवर हनुवटी टेकवली, बुबुळाचा रंगीत नकाशा काढला. मग आम्हा चौघांना समोर बसवलं.

"लेझरचे साधारण तीन प्रकार," त्या म्हणाल्या. "एकात बुबुळाचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उघडायचा, आत लेझर मारायचा, झाकण परत ठेवायचं. दुसऱ्यात वरची साय खरवडून वरूनच मारायचा, त्यात काही दिवस दुखतं. तिसऱ्यात बारीक छेदातून आतली एक चकती काढायची."

"तिन्हीत भारी कुठलं?" अप्पांनी विचारलं. दुकानात मशीन घेताना विचारतात तसंच.

"तिन्हीत बुबुळच कमी करायचं असतं. हिचा नंबर मोठा, म्हणजे कमीही जास्त करावं लागणार. आणि हिचं बुबुळ मुळात पातळ आहे. मी हात लावणार नाही."

आईला हे सगळ्यात आधी समजलं. "पातळ भाकरी उचलताना फाटते, तसं."

"तसंच. पुढे बुबुळ फुगत जाऊ शकतं. मग आहे ती नजरही जाईल." मग त्यांनी उरलेला एक मार्ग सांगितला. डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या मागे आणि आपल्या मूळ भिंगाच्या पुढे, एक बारीक मऊ लेन्स बसवायची. बुबुळ तासायचं नाही. एका वेळी एक डोळा. पण त्याच्याही आधी, डोळ्याच्या तळाशी जो आतला पडदा असतो त्याला कडेला बारीक छिद्रं आहेत, त्यांच्याभोवती लेझरचे टाके मारून घ्यावे लागतील.

"म्हणजे लेझर हायच की," अप्पा म्हणाले. त्यांना तो शब्द हवा होता.

"तो लेझर वेगळा. त्यानं नंबर जात नाही," बाई म्हणाल्या. "आणि एक ऐकून ठेवा. लेन्सनं चष्मा जाईल, डोळा बदलणार नाही. हिचा डोळा आतून लांबलेला आहे, पडदा ताणलेला आहे. तो जन्मभर दरवर्षी दाखवायचा."

"लेकरांना व्हतं का हे?" आईने विचारलं.

"होऊ शकतं."

बाहेर रिक्षात बसता बसता अप्पांनी निर्णय जाहीर केला. लेन्स करायची. उदगीरला लेझर म्हणून सांगायचं. आत काही बसवलंय हे त्यांना झेपणार नाही. आणि करायचं ते नांदेडला, कारण लातुरात दवाखान्याच्या पायरीवर उदगीरचं माणूस भेटत नाही असा दिवस उगवत नाही.

"पुन्हा खोटं," मी म्हणाले. "सुईनं एकदा खोटं सांगितलं तेवढं पुरे नाही का?"

"तुला कोण विचारायलंय?" अप्पा म्हणाले. ताई रिक्षातून बाहेर बघत होती. थेंबांमुळे तिला उजेड सहन होत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते थेंबांचंच होतं का, मी विचारलं नाही.

नांदेडला आईची मावसबहीण राहते, तिला आम्ही मावशीच म्हणतो. तिच्याकडे उतरलो. पडद्याचा लेझर आधी होऊन गेला होता. मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. ताई भूल न देता, जागेपणी, फक्त डोळ्यात थेंब घालून आत गेली आणि आमचा चहा संपायच्या आत बाहेर आली. डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळी.

"काही दिवस डोळ्यात पाणी नको, भस्म नको, कपाळालाही नको," तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

आईला सगळ्यात जड हे गेलं. "विभूतीशिवाय लिंगपूजा कशी गं करणार?"

"पूजेला तळहातावर घेतलेलं लिंग मला कधी पुसट दिसलं नाही, आई," ताई म्हणाली. "जवळचंच आहे ते."

दुसऱ्या दिवशी जाळी निघाली. मावशीच्या गॅलरीत ताई उभी राहिली, डावा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटली. टायर पंक्चर. शिवणकाम शिकवले जाईल. येथे थुंकू नये. मग तिला समोरच्या तारेवरच्या कबुतराच्या मानेवरचा हिरवा रंग दिसला. "अगं, हा रंग पुस्तकातला वाटायचा मला!"

"काय करून राहिली ही पोरगी? कबुतरावर एवढं ओरडून राहिली!" मावशी आतून हसली. आम्ही सगळेच हसलो. अप्पाही. त्या सकाळी आमच्या घरात लग्न हा शब्द कुणी उच्चारला नाही. माझ्या आठवणीत तरी अशी सकाळ एकच आहे.

त्या आनंदात तिने त्याला फोन लावला. मी शेजारीच होते. कबुतर सांगितलं, पाट्या सांगितल्या, थुंकू नये सांगून हसली. तोही हसत असावा. मग त्याने विचारलं असेल, लेझरने इतक्या लवकर दिसतं का. ताईने सांगून टाकलं. लेझर नाही, आत लेन्स बसवली, बुबुळ पातळ आहे माझं, उद्या-परवा डावा डोळा. तिच्या आवाजात चोरी नव्हती. ज्या माणसाने धड्याबद्दल विचारलं होतं त्याला ती विज्ञानच सांगत होती.

उद्या-परवा डावा डोळा झाला नाही. तपासणीत उजव्या डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. थेंब देतो, दाब उतरू द्या, मग दुसरा करू. घाबरण्यासारखं काही नाही. आणि खरंच डोळ्याच्या बाजूनं काही नव्हतं.

आत्याचा फोन मावशीच्याच घरी आला. पुन्हा स्पीकर.

"लेझर म्हणालात. पोरगं म्हणालं, आत भिंग बसवलंय."

"नंबर गेला आत्याबाई, पोरीला लख्ख दिसायलंय," अप्पा म्हणाले.

"गेला कुठं? आत ठेवलाय की. कवा ना कवा बाहेर यील. आन् उद्या लेकरांना उतरलं मंजी?"

मी फोन ओढला. "तुमच्या मुलाला चष्मा आहे. तो नाही का उतरणार?"

"तू ती पत्रकवाली का? त्याचा चष्मा उघडा हाय बाई. आम्ही काही झाकलं न्हाई. झाकलं तुम्ही. एकदा न्हाई, दोनदा." आणि वर म्हणाली, "तुझं बी बघू कोण नेतंय."

ती बाई अन्याय करत होती आणि खरं बोलत होती. पत्रकात अशा माणसाचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मुलाने संध्याकाळी एकदाच फोन केला. ताई गॅलरीत जाऊन बोलली. काचेतून आवाज येत होता.

"तू काय म्हणालास मग?" ती विचारत होती. मग, "नाही, मला त्यांचं नाही विचारायचं. तू काय म्हणालास?" आणि शेवटी, "बरं."

आत आली आणि थेंबाची वेळ झाली म्हणून आईपुढे मान वर करून बसली.

लातूरला परतलो. दाब उतरला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, डाव्या डोळ्याची लेन्स मागवू का? अप्पा म्हणाले, "आता घाई काय हाय?"

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत.

"अप्पा, तिला एकाच डोळ्यानं दिसतं."

"दिसतं ना? मग झालं."

"दुसरा उणे अकरा आहे!"

"ते आधीपासून हाय."

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. ते ऑपरेशन ताईच्या डोळ्यांचं नव्हतंच कधी. ते उदगीरच्या स्थळाचं होतं. स्थळ गेलं, काम थांबलं. मांडव मोडला की कुणी उरलेल्या खुर्च्या मागवतं का? ताईचा पगार दर महिन्याला अप्पांच्या हातात जातो, लग्नासाठी म्हणून. ती मागू शकत होती. एकदा मागितला. अप्पा रागावले नाहीत, उलट प्रेमानं म्हणाले, "बाळा, तो तुझ्याच लग्नाचा हाय." आता यावर कुणाच्या दारात घोषणा द्यायच्या?

मी गटाच्या बैठकीत विषय काढला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, वाईट आहे, पण हा मुद्दा होत नाही, हे कौटुंबिक आहे. चष्म्यावर मोर्चा काढायचा का? दोघे-तिघे हसले. त्यांतल्या एकाच्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि एरवी चष्मा लावणाऱ्या तिनं तो घातलेला मी साखरपुड्याच्या एकाही फोटोत पाहिलेला नव्हता. मी हे तिथेच बोलले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

चष्म्याच्या दुकानदाराने हात वर केले. एका बाजूला साधी काच आणि दुसऱ्या बाजूला उणे अकरा असा चष्मा करून देतो म्हणाला, पण तो घालता येणार नाही; एका डोळ्याला माणूस मोठं दिसेल, दुसऱ्याला लहान, चक्कर येईल. ताईने हट्टाने घालून पाहिला आणि दुकानातच खुर्ची धरून बसली. डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घातली, तर पापणी पुन्हा सुजली. शेवटी तिने स्वतःच उपाय काढला. लांबचं बघायचं तर डावा डोळा मिटायचा.

फळ्यावर लिहायची, वळायची आणि शेवटच्या बाकावरचा पोरगा काय करतोय ते बघायला डावा डोळा मिटायची. आठवीच्या वर्गात बातमी फिरली: विज्ञानाच्या मॅडम डोळा मारतात. एकाने घरी सांगितलं, घरचे शाळेत आले. मुख्याध्यापिकेनं ताईला बोलावून समजुतीच्या सुरात विचारलं, असं काही आहे का. ताईने त्यांना रंगीत पडदा, मूळ भिंग, आत बसवलेली लेन्स, सगळं कागदावर काढून दाखवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण तेवढं टाळता आलं तर बघा."

घरी येऊन ताईने मला हे जेवताना सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं. मी ताट सरकवलं. "जेव," ती म्हणाली. "तुझ्या न जेवण्यानं कुणाचा काय नंबर उतरायलाय?"

मधल्या काळात दोन स्थळं येऊन गेली. ताई आता चष्मा लावत नाही, त्यामुळे आईला लपवायला काही उरलेलं नाही. पण पाहुणे समोर बसले की ताई डावा डोळा उघडा ठेवायचा प्रयत्न करते आणि मग दोन्ही डोळ्यांची दोन चित्रं एकमेकांवर चढतात आणि तिचं कपाळ दुखायला लागतं. एक स्थळ म्हणालं, मुलगी फारच गंभीर आहे. दुसऱ्याने कळवलंच नाही.

गेल्या आठवड्यात नांदेडला फेरतपासणी होती. अप्पा, ताई आणि मी. डॉक्टरांनी ताईला खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला. समोरच्या तक्त्यावरच्या ओळी ती वरून खालपर्यंत न अडखळता वाचत गेली, अगदी तळाची बारीक ओळसुद्धा.

"छान," डॉक्टर म्हणाले. "दाबही चांगला आहे. आता दुसऱ्याची तारीख घेऊया?"

"स्थळ बघायलोय साहेब," अप्पा म्हणाले. "जमलं की लगेच करू."

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "स्थळाचा काय संबंध? आधी करून टाका की."

"आधी केलं आन् त्यांना आतलं भिंग चाललं न्हाई तर? एकावर खर्चून बसलोय. ज्यांना चालतं ते सांगतील तसं करू."

मी तोंड उघडलं. ताईने न बघता माझा गुडघा दाबला, लहानपणी पाहुण्यांपुढे दाबायची तसा. डॉक्टरांनी अप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग ज्याला जे येतं ते त्यांनी केलं. झाकण उजव्या डोळ्यावर सरकवलं आणि तक्त्यावर काठी ठेवली.

"बरं, याचंही एकदा बघू. सगळ्यात वरचं, मोठं अक्षर कुठलं?"

ताईने तक्त्याच्या दिशेला चेहरा धरला. डोळा बारीक केला नाही, पुढे वाकली नाही.

"तो राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली.